वाचलेल्या पुस्तकांचा जमाखर्च

डिसेंबर सरत आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वर्षभरातील उल्लेखनीय पुस्तकांच्या याद्या झळकू लागतात. त्या चाळताना 'आपण या वर्षात नेमके काय वाचले?' हा प्रश्न मनात डोकावल्यावाचून राहत नाही. उत्तर देताना मात्र भल्याभल्या वाचकांची त्रेधा उडते. नुकतीच संपवलेली दोन-तीन पुस्तके चटकन आठवतात, दिवाळी अंकातील एखादी कथा आठवते. पण फेब्रुवारीत वाचलेले ते चरित्र कोणाचे, मे महिन्याच्या सुटीत संपवलेल्या कादंबरीचा लेखक कोण, हे काही केल्या स्मरत नाही. दुधाचे खाडे दिनदर्शिकेवर न चुकता टिपणाऱ्या घरातही वाचनाचा हिशेब ठेवला जात नाही.

हा हिशेब ठेवावा कशासाठी, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. वाचन हा आनंदाचा व्यवहार आहे आणि आनंदाची खतावणी मांडू नये, असे मानणारे वाचक पुष्कळ आहेत. तथापि शहरी वाचकाच्या बाबतीत नोंदीचा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. पूर्वी घरातील पुस्तकांचे कपाट हीच वाचकाची स्मरणवही असे. पाठीवरचे नाव दिसले की पुस्तक आठवे. आता दोन खोल्यांच्या सदनिकेत कपाटाला जागा उरलेली नाही. पुस्तके वाचनालयातून येतात आणि परत जातात, मित्रांकडून येतात आणि त्यांच्याकडे जातात, पडद्यावर उघडतात आणि मिटतात. घर बदलताना उरलीसुरली रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात. अशा परिस्थितीत वाचलेल्या पुस्तकाची घरात राहणारी एकमेव खूण म्हणजे त्याची नोंद होय.

विस्मरणाचा वेग

माणूस किती झपाट्याने विसरतो, याचा पहिला पद्धतशीर अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी केला आणि १८८५ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ करून, ठराविक काळानंतर त्यातील किती शिल्लक राहते, हे त्यांनी मोजले. पहिल्या काही तासांत आणि दिवसांत विस्मरण अतिशय वेगाने होते व नंतर त्याची गती मंदावते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अर्थपूर्ण मजकूर निरर्थक अक्षरांपेक्षा अधिक काळ टिकतो हे खरे. पण पुस्तकाचे शेवटचे पान उलटल्यानंतरचे पहिले काही दिवस निर्णायक असतात, एवढा बोध त्यातून घेता येतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याहून उपयुक्त आहेत. त्यांनी विद्यार्थ्यांना गद्य उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते; दोन दिवसांनंतर आणि आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. वाचननोंदीच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. पुस्तक मिटून, ते समोर न धरता, आठवणीतून चार ओळी लिहिल्या तर त्या लिहिण्यानेच पुस्तक अधिक काळ स्मरणात राहते. वेष्टनावरील मजकूर उतरवून काढणे सोपे असले तरी त्याचा हा लाभ मिळत नाही.

डार्विनपासून येरवड्यापर्यंत

वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवण्याची प्रथा संगणकाहून कितीतरी जुनी आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८३८ ते १८६० या काळात आपल्या वाचनाच्या वह्या ठेवल्या. वाचायची पुस्तके आणि वाचून झालेली पुस्तके असे त्यांचे दोन भाग असत. माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध डार्विन यांनी १८३८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाचला आणि त्यातून नैसर्गिक निवडीच्या कल्पनेला दिशा मिळाली, हे आज इतक्या नेमकेपणाने सांगता येते ते त्यांनी तारखा घालून ठेवलेल्या टिपणांमुळेच. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या दोन दशकांत डार्विन काय वाचत होते, कोणत्या विषयाकडून कोणत्या विषयाकडे वळत होते, याचा अभ्यास त्या वह्यांच्या आधारे २०१७ मध्ये संगणकीय पद्धतीने करण्यात आला. डार्विन यांच्या दृष्टीने ती कामापुरती टाचणे होती. विज्ञानाच्या इतिहासकारांसाठी ती दस्तऐवज ठरली.

महात्मा गांधींचे उदाहरण तर पुण्याच्या उंबरठ्यावरचे आहे. मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाल्यानंतर त्यांना येरवडा कारागृहात ठेवण्यात आले. फेब्रुवारी १९२४ मध्ये त्यांची सुटका झाली. या काळात त्यांनी गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासापासून महाभारतापर्यंत विविध ग्रंथ वाचले. १९२३ च्या त्यांच्या कारागृहातील दैनंदिनीत कोणते पुस्तक केव्हा संपवले, याच्या त्रोटक नोंदी आढळतात. सुटकेनंतर कारागृहातील अनुभवांविषयी लिहिताना त्यांनी या वाचनाचा वृत्तान्तही दिला. एका ओळीची नोंद पुढे सविस्तर लेखनाचा आधार कशी होते, हे त्यातून दिसते.

अमेरिकी गायक आर्ट गार्फंकल यांनी जून १९६८ पासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला आणि पुढे ती यादी आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केली. एक हजाराहून अधिक पुस्तकांच्या त्या यादीत पुस्तक, लेखक, वाचनाचा महिना असा मोजकाच तपशील आहे. अनेक दशके टिकण्याचे रहस्य बहुधा या साधेपणातच असावे.

मराठीत यादीचे महत्त्व ओळखणाऱ्यांमध्ये शंकर गणेश दाते यांचे नाव अग्रभागी आहे. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या कालखंडांतील मुद्रित मराठी ग्रंथांची त्यांनी सिद्ध केलेली 'मराठी ग्रंथसूची' ही भाषेच्या संपूर्ण मुद्रित संचिताची नोंद आहे. वाचकाची वही तिच्या तुलनेत अगदीच लहान. पण ग्रंथनाम, कर्ता, प्रकाशक, वर्ष हा शिस्तीचा धडा तिच्याकडून घेण्यासारखा आहे.

काय टिपावे?

नोंद जितकी मोठी, तितकी ती लवकर बंद पडते, हा बहुतेक वह्यांचा इतिहास आहे. जानेवारीत पानभर रसग्रहण लिहिणारा वाचक मार्चमध्ये थकतो. म्हणून आवश्यक आणि ऐच्छिक असे दोन स्तर आधीच ठरवून घ्यावेत. पुस्तकाचे नाव, लेखक आणि संपवल्याची तारीख हा आवश्यक स्तर. त्याला अर्धे मिनिट पुरते. प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठसंख्या, पुस्तक कोठून मिळाले आणि दोन-चार ओळींचा अभिप्राय हा ऐच्छिक स्तर.

अनुवादित पुस्तकाच्या बाबतीत अनुवादकाचे नाव मात्र आवश्यक स्तरातच हवे. भैरप्पांची 'पर्व' मराठीत वाचणारा वाचक प्रत्यक्षात उमा कुलकर्णी यांचे मराठी वाचत असतो. अनुवादकाचे नाव टिपण्याची सवय लागली की चांगल्या अनुवादकाचा माग काढत पुढचे पुस्तक निवडता येते. आवृत्तीची नोंदही उपयोगी पडते, कारण जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांत प्रस्तावना बदलते, परिशिष्टे वाढतात, कधी मजकूर संक्षिप्त होतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' संपूर्ण वाचली की संक्षिप्त, हे वर्षभराने सांगता यायला हवे.

'पुस्तक कोठून मिळाले' हा रकाना किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तोच सर्वाधिक व्यावहारिक आहे. वाचनालयाचे पुस्तक असेल तर पुन्हा संदर्भ लागल्यास कोठे जायचे ते कळते. मित्राचे असेल तर ते परत केले की नाही, याचीही आठवण राहते.

पुस्तक म्हणायचे कशाला?

नोंद सुरू होताच मोजणीचे प्रश्न उभे राहतात. पहिला आणि खास मराठी प्रश्न दिवाळी अंकांचा. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली. आजही अनेक घरांतील ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांचे वाचन मुख्यतः अंकांचेच असते. दोन-अडीचशे पानांचा अंक पुस्तकात धरायचा की नाही? न धरल्यास वर्षातील एक चतुर्थांश वाचन नोंदीबाहेर राहते. धरल्यास अर्धवट वाचलेल्या अंकांनी यादी फुगते. अंकांसाठी वहीत स्वतंत्र पान ठेवून त्यात आवडलेल्या लेखाचे वा कथेचे नाव, लेखक, अंक आणि वर्ष टिपणे हा त्यातला सोयीचा मार्ग आहे. अंक रद्दीत जातात, त्यातील उत्तम लेख पुस्तकरूपाने येतातच असे नाही. त्यामुळे अशी नोंद पुस्तकांच्या नोंदीपेक्षाही मोलाची ठरू शकते.

दुसरा प्रश्न खंडांचा. भालचंद्र नेमाडे यांचे 'चांगदेव चतुष्टय' म्हणजे एक नोंद की 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' अशा चार? ज्या पुस्तकाला स्वतंत्र मुखपृष्ठ आहे त्याची स्वतंत्र नोंद, हा नियम सोपा आणि पुरेसा आहे. पुनर्वाचनाचीही नव्याने नोंद करावी. एखादे पुस्तक विसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी वाचले असता दोन्ही अभिप्रायांतील अंतर हे पुस्तकाइतकेच वाचकाविषयीही सांगून जाते.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांबाबत वाचक संकोचतात. तो संकोच अनाठायी आहे. कोणत्या पानावर आणि का सोडले, हे लिहून ठेवल्यास तेच पुस्तक तीन वर्षांनी पुन्हा घरी आणण्याची वेळ येत नाही. फ्रेंच प्राध्यापक पिएर बायार यांनी न वाचलेल्या पुस्तकांविषयीच्या २००७ मधील आपल्या ग्रंथात पुस्तकांसाठी सांकेतिक खुणा वापरल्या आहेत: अपरिचित, नुसते चाळलेले, केवळ ऐकून माहीत असलेले आणि वाचून विसरलेले. 'वाचून विसरलेले' असा वेगळा वर्ग करण्याचा प्रामाणिकपणा प्रत्येक वहीला परवडणारा आहे.

श्राव्य पुस्तकांमुळे मोजणीचे एकक बदलले. २०१७ मध्ये 'स्टोरीटेल' भारतात आल्यानंतर लोकल गाडीत कानाने पुस्तके 'वाचणारा' मराठी वाचकवर्ग तयार झाला. ई-पुस्तकात अक्षराचा आकार बदलला की पडद्यावरील पानांची संख्याही बदलते. अशा वेळी पृष्ठसंख्येचा आग्रह सोडून 'छापील', 'ई' किंवा 'श्राव्य' एवढे एक अक्षर नोंदीपुढे टाकले तरी भागते.

वही की संगणक?

शालेय वहीला वीज लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही आणि ती पन्नास वर्षे टिकते. तिची उणीव एकच. तिच्यात शोध घेणे कठीण असते. संगणकावरील तक्त्यात लेखकाच्या, तारखेच्या वा विषयाच्या क्रमाने यादी क्षणार्धात लावता येते. युनिकोडमुळे देवनागरीतील मजकुराचा शोध आणि वर्णानुक्रम आता सुलभ झाला आहे.

पुस्तकांच्या नोंदीसाठीच तयार झालेल्या सेवांमध्ये २००५ चे 'लायब्ररीथिंग', २००७ मध्ये सुरू झालेले 'गुडरीड्स' आणि २०१९ मधील 'स्टोरीग्राफ' ही नावे प्रमुख आहेत. इंग्रजी पुस्तकांसाठी त्या सोयीच्या असल्या तरी मराठी वाचकाची तेथे गैरसोय होते. त्याचे मुख्य कारण लिप्यंतरात आहे. पु. ल. देशपांडे यांचे नाव रोमन लिपीत आद्याक्षरांनी, 'पु. ल.' या उच्चाराप्रमाणे किंवा 'पुरुषोत्तम लक्ष्मण' असे पूर्ण लिहिले जाते. एकाच पुस्तकाचे नाव तीन-चार वर्णरचनांत आढळते, शिवाय देवनागरीतील नोंद वेगळी. मग एकच ग्रंथ अनेक ठिकाणी विखुरला जातो. आंतरराष्ट्रीय मानक ग्रंथ क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, हा त्यावरील उपाय असला तरी ती पद्धत आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० मध्ये आली. त्याआधीच्या पुस्तकांच्या मूळ प्रतींवर तो क्रमांक असण्याचा प्रश्नच नाही आणि नंतरच्याही अनेक मराठी पुस्तकांवर तो आढळत नाही. त्यामुळे नोंद हातानेच भरावी लागते.

शिवाय, या सेवा कायम राहतील याची शाश्वती नसते. 'शेल्फारी' नावाची अशीच सेवा २००८ मध्ये 'ॲमेझॉन'ने विकत घेतली आणि २०१६ मध्ये ती 'गुडरीड्स'मध्ये विलीन होऊन बंद झाली. 'गुडरीड्स'ही २०१३ मध्ये त्याच कंपनीने घेतले. म्हणून वर्षातून एकदा आपली यादी उतरवून घेऊन स्वतःच्या संगणकावर आणि शक्य तर कागदावर ठेवणे इष्ट.

आकड्यांचा मोह

रोज वीस पाने वाचणारा वाचक वर्षाला ७,३०० पाने, म्हणजे अडीचशे पानांची साधारण २९ पुस्तके संपवतो. विसाव्या वर्षापासून सत्तराव्या वर्षापर्यंत हा क्रम अखंड चालला तरी एकूण संख्या साडेचौदाशेच्या घरात जाते. रोज दहाच पाने वाचणाऱ्याची ती त्याच्या निम्मी भरते. मध्यम आकाराच्या वाचनालयातील एका भिंतीलाही ती पुरणार नाहीत. हा हिशेब निराश करणारा वाटेल. पण निवड किती जपून करायला हवी, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके अन्य कशातून होत नाही.

तथापि संख्या हेच उद्दिष्ट झाले की घोटाळा होतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असे सांगतो, की एखादे माप उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही. 'यंदा पन्नास पुस्तके' असा संकल्प सोडणारा वाचक नोव्हेंबरात मागे पडला, की शंभर पानी पुस्तकांकडे वळतो, सातशे पानांचा ग्रंथ पुढल्या वर्षावर ढकलतो आणि कवितासंग्रह एका बैठकीत उरकतो. कवितेला ती गती मानवत नाही. संकल्प करायचाच असेल तर तो संख्येऐवजी प्रकाराचा करावा: एक जाडजूड ग्रंथ, एक नाटक, एक विज्ञानविषयक पुस्तक, अन्य भारतीय भाषेतील दोन अनुवाद. असा संकल्प आखडत नाही आणि त्याला फसवताही येत नाही.

नोंद कोणाच्या हाती?

माणूस काय वाचतो, यावरून त्याचे आजार, श्रद्धा, राजकीय मते, चिंता यांचा अंदाज बांधता येतो. म्हणूनच वाचनाची नोंद ही खासगी बाब आहे. अमेरिकेत २००१ च्या 'पेट्रियट' कायद्याच्या २१५ व्या कलमाने तपास यंत्रणांना ग्रंथालयांतील नोंदी मागवण्याचा मार्ग खुला केला, तेव्हा तेथील अनेक ग्रंथालयांनी पुस्तक परत येताच वाचकाची नोंद पुसून टाकण्याचा पवित्रा घेतला. त्या कलमाची मुदत २०२० मध्ये संपली. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला.

ग्रंथालयांच्या देवघेव विभागात पूर्वी सभासदाच्या पत्रकावर पुस्तकांचे दाखल क्रमांक लिहिले जात. पत्रक भरले की नवे मिळे आणि जुने बहुधा नष्ट होई. संगणकीकरणानंतर जुनी नोंद आपोआप साठत राहू शकते. २००० मध्ये न्यूझीलंडमध्ये प्रथम वापरात आलेल्या आणि भारतातील अनेक ग्रंथालयांनी स्वीकारलेल्या 'कोहा' या मुक्त प्रणालीत परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी अनामिक करण्याची सोय आहे. आपल्या वाचनालयात कोणती पद्धत आहे, याची चौकशी सभासदाने अवश्य करावी. वाचनाचा इतिहास हवा असेल तर तो मागून घेता येतो. नको असेल तर तसे सांगता येते. ऑनलाइन सेवांवरही यादी सर्वांना दिसावी की केवळ आपल्यालाच, ही निवड प्रारंभीच करावी.

यादी वाचायची कशी?

वर्षअखेरीस यादीचा खरा उपयोग तिच्याकडे निरखून पाहण्यात आहे. किती पुस्तके वाचली, यापेक्षा कोणती वाचली गेली नाहीत, हे तेव्हा दिसते. लेखिकांची पुस्तके किती? दलित, ग्रामीण, आदिवासी साहित्य किती? चालू दशकात लिहिली गेलेली पुस्तके आहेत की सारी यादी पालकांच्या पिढीतील गाजलेल्या नावांचीच आहे? अनुवाद केवळ इंग्रजीतून आलेले आहेत की कन्नड, बंगाली, उर्दूतूनही? किती पुस्तके स्वतः निवडली आणि किती जाहिरातीने वा भेटीदाखल हाती आली? अर्ध्या तासात मिळणारी ही उत्तरे पुढील वर्षाच्या निवडीला दिशा देतात.

या सगळ्यासाठी १ जानेवारीची वाट पाहण्याचे कारण नाही. दोनशे पानी वही, पहिल्या पानावर आजचा दिनांक आणि सध्या उशाशी असलेल्या पुस्तकाचे नाव, एवढी सुरुवात पुरे. मागील महिन्यांतील जी पुस्तके आठवतात ती तारखेशिवाय शेवटच्या पानावर लिहून ठेवावीत. ती यादी अपुरी असेल. किती अपुरी, हे वर्षभराने दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहिल्यावर कळेल.